वाचकांचे प्रश्न : तिरप्या सहा सिलेंडरच्या इंजिनाला टर्बोचार्जर

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. मी नोकरीनिमित्त अनेक वर्षे अमेरिकेत, मिशिगन राज्यात राहतो. माझ्याकडे १९६७ सालची डॉज डार्ट असून तिच्यात २२५ घनइंची ‘स्लँट सिक्स’ इंजिन आणि तीन गतींचा टॉर्कफ्लाइट स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. इंजिन सुरळीत चालते, परंतु महामार्गावर चढ लागला की गाडी मागे पडते. येथील मित्र मला इंजिन काढून त्या जागी व्ही-८ बसवण्याचा आग्रह करतात. मला मात्र हेच इंजिन ठेवायचे आहे आणि त्याला टर्बोचार्जर, म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, लावायचा विचार आहे. एका मोठ्या डिझेल पिकअपचा जुना टर्बो मला स्वस्तात मिळाला आहे. हे इंजिन टर्बोचा दाब सोसेल का, मूळ कार्ब्युरेटर ठेवता येईल का, आणि दाब किती ठेवावा, याविषयी मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, ट्रॉय, मिशिगन

उत्तर : आपला निर्णय मला मनापासून पटला. डार्टमध्ये व्ही-८ बसवलेल्या गाड्या अमेरिकेत शेकड्यांनी दिसतात. त्याच गाडीत मूळचे तिरपे इंजिन जपून त्याच्याकडून नवे काम करून घेणारे थोडे असतात. शिवाय हे इंजिन या कामासाठी अयोग्य मुळीच नाही. अभियंते विलेम वीर्टमन यांच्या नेतृत्वाखाली क्रायस्लरने ते तयार केले आणि १९६० च्या मॉडेल-वर्षातील प्लिमथ व्हॅलिअंटमधून ते बाजारात आले. सिलेंडरांची रांग उभी न ठेवता ३० अंशांनी उजवीकडे कलती केल्यामुळे बॉनेट खाली घेता आले, पाण्याचा पंप पुढे न ठेवता बाजूला सरकवता आला, आणि डाव्या बाजूला जी ऐसपैस जागा मोकळी झाली तिच्यात प्रत्येक सिलेंडरसाठी स्वतंत्र, लांब इनटेक (हवा आत नेणारी) नळी देता आली. जानेवारी १९६० मध्ये डेटोना येथे छोट्या गाड्यांची नॅसकार (अमेरिकेतील मोटार शर्यतींची संस्था) शर्यत झाली, तेव्हा ‘हायपर पॅक’ नावाचा चार बॅरलचा कार्ब्युरेटर आणि लांब नळ्यांचा मॅनिफोल्ड (सिलेंडरांना जोडणारा नळ्यांचा संच) लावलेल्या व्हॅलिअंट गाड्यांनी पहिले सातही क्रमांक पटकावले. त्या गाड्यांत आपल्या इंजिनाचे लहान भावंड, म्हणजे १७० घनइंचांचे इंजिन होते.

प्रथम आपला पहिला प्रश्न, इंजिन दाब सोसेल का, हा घेऊ. २२५ इंजिनाचा बोअर (सिलेंडरचा व्यास) ८६.४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०४.८ मिलिमीटर आहे. एकूण घनफळ ३,६८७ घन सेंटिमीटर. क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनांची वरखाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याला, मुख्य बेअरिंगे चारच आहेत आणि सात बेअरिंगांच्या इंजिनांची सवय असलेल्यांना हा दोष वाटतो, परंतु मुख्य जर्नलचा (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचा) व्यास जवळजवळ ७० मिलिमीटर आहे आणि १९७६ च्या मध्यापर्यंतच्या सर्व इंजिनांत क्रँकशाफ्ट घडीव पोलादाचा होता. आपले इंजिन १९६७ चे, म्हणजे आपल्याकडे घडीव क्रँक आहे. तरीही एक खात्री करून घ्यावी. १९६१ ते १९६३ या काळात क्रायस्लरने याच इंजिनाचे सुमारे पन्नास हजार ब्लॉक ॲल्युमिनिअमचे ओतले होते. साठ वर्षांच्या आयुष्यात इंजिने बदलली जातात, तेव्हा ब्लॉकला चुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटला नाही तर तो ब्लॉक जपून ठेवण्यासारखा आहे, टर्बोसाठी नाही, कारण त्याचे लायनर (सिलेंडरांचे आतले अस्तर) वरच्या टोकाला मोकळे आहेत आणि हेड गॅस्केट तेथे जास्त दाब धरू शकत नाही.

खालची बाजू अशी भक्कम असली तरी लांब स्ट्रोकमुळे एक मर्यादा येते. मिनिटाला ४,५०० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.७ मीटर होतो, आणि त्यापुढे हेडमधील लहान व्हॉल्व्हही हवेला फारसे आत घेत नाहीत. म्हणून या इंजिनाची ताकद जास्त फेऱ्यांत शोधू नये. २,००० ते ४,२०० फेऱ्यांच्या पट्ट्यात टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवणे हेच टर्बोचे काम मानावे. चढावर आपल्याला जी उणीव जाणवते ती नेमकी याच पट्ट्यातली आहे.

या इंजिनाला टर्बो मारत नाही, डेटोनेशन मारते. आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला नॉकिंग म्हणतात तेच हे. ठिणगीने सुरू झालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण एकदम पेट घेते आणि दाबाची लाट पिस्टनच्या माथ्यावर व रिंगांमधील अरुंद पट्ट्यांवर आदळते. आपल्या इंजिनातील मूळचे ओतीव पिस्टन सरळ दाब सोसतील. हा आघात मात्र ते काही सेकंदांपेक्षा जास्त सोसणार नाहीत. त्यामुळे पैसा आणि वेळ कोठे घालायचा याचा क्रम माझ्या मते स्पष्ट आहे. आधी मोजमाप, मग इंधन, मग ठिणगी, मग थंडावा, आणि टर्बोचा दाब सर्वांत शेवटी. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात.

मोजमापाची सुरुवात कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलेंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते त्या प्रमाणापासून, करावी. पुस्तकात ८.४ ला १ हे प्रमाण छापलेले आहे, पण या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला आला तरी ब्लॉकच्या माथ्यापासून चांगला खाली राहतो आणि कारखान्याची सहिष्णुताही सैल होती, त्यामुळे प्रत्यक्षातले प्रमाण बहुधा त्याहून कमीच भरते. हेड उतरवल्यावर ब्युरेटने केरोसिन सोडून प्रत्येक कक्षाचे घनफळ मोजावे, पिस्टनच्या वरची पोकळी आणि गॅस्केटची जाडी त्यात मिळवावी. एका सिलेंडरचे घनफळ ६१४ घन सेंटिमीटर आहे. ही सारी मोकळी जागा ८८ घन सेंटिमीटर भरली तर प्रमाण ८ ला १ होते. टर्बोसाठी ८ च्या आसपासचे प्रमाण उत्तम, म्हणून कोणी हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचा सल्ला दिला तर तो स्वीकारू नये. हेडचे फेसिंग पृष्ठभाग सरळ होण्यापुरतेच करून घ्यावे. हे हेड लांब आहे, ते १४ बोल्टांनी धरलेले आहे, आणि पृष्ठभाग थोडा जरी वाकडा राहिला तरी दाब वाढताच गॅस्केट दोन सिलेंडरांच्या मधल्या अरुंद जागेत फुंकले जाते. नवे बोल्ट किंवा स्टड, चांगल्या प्रतीचे संमिश्र गॅस्केट आणि पुस्तकात दिलेल्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळणे, एवढ्याने अर्धा बारच्या (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) दाबाला पुरेशी बळकटी येते. हेड पुन्हा बसवल्यावर टॅपेटची फट गरम इंजिनावर इनटेकला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५० मिलिमीटर ठेवावी. एक्झॉस्टची फट कमी ठेवण्याचा मोह काहींना टॅपेटचा आवाज जावा म्हणून होतो. टर्बोच्या उष्णतेत तो व्हॉल्व्ह जाळतो.

आता कार्ब्युरेटर. आपल्या गाडीतील एक बॅरलचा कार्ब्युरेटर ठेवून टर्बो लावण्याचे दोन मार्ग आहेत. एकात टर्बो कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढतो, दुसऱ्यात टर्बो कार्ब्युरेटरमध्ये हवा फुंकतो. ओढण्याची पद्धत जुनी आहे आणि तिला चांगली परंपरा आहे. १९६२ साली जनरल मोटर्सने दोन टर्बो गाड्या बाजारात आणल्या, त्यांपैकी शेव्हरले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडरच्या हवेने थंड होणाऱ्या सपाट सहा सिलेंडरच्या इंजिनात हीच रचना होती. त्या इंजिनाला वेस्टगेटसुद्धा (काही एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणारी, दाब आवरणारी झडप) नव्हता. एक्झॉस्टमधला अडथळा आणि कार्ब्युरेटरचा आकार यांनीच दाब आवरला जाई, आणि तेवढ्यावर १५० अश्वशक्ती मिळे. त्याच वर्षीच्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये कॉम्प्रेशन १०.२५ ठेवल्यामुळे नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारावे लागे, आणि मालक ती टाकी भरायला विसरत. दोन्ही उदाहरणांतून आपल्याला घेण्यासारखे आहे. कॉर्व्हेअरच्या पद्धतीत इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) लावता येत नाही, कारण त्या सर्व नळ्या पेट्रोलच्या वाफेने भरलेल्या राहतात आणि एखादा भडका उडाला तर तो धोकादायक ठरतो. शिवाय स्लँट सिक्सच्या मॅनिफोल्डमध्ये मधल्या सिलेंडरांना वाट जवळची आणि टोकाच्या १ व ६ क्रमांकांना दूरची पडते, त्यामुळे ओले मिश्रण सारखे वाटले जात नाही आणि टोकाचे सिलेंडर कोरडे पडतात, म्हणजे त्यांना पेट्रोल कमी मिळते. दाबाखाली कोरडा सिलेंडर म्हणजे नॉकिंगला आमंत्रण.

म्हणून माझे स्पष्ट मत इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शनच्या बाजूने आहे, आणि तेही प्रत्येक इनटेक नळीत एक असे सहा इंजेक्टर बसवून. त्यासाठी मूळ इनटेक मॅनिफोल्डवर इंजेक्टरचे बुंधे वेल्ड करून घेता येतात. या मॅनिफोल्डचा तळ एक्झॉस्टला बोल्टने जोडलेला असतो आणि थंडीत इंधनाची वाफ व्हावी म्हणून एक्झॉस्ट तो तापवतो. इंजेक्शन केल्यावर ही उष्णता नको, तेव्हा दोन्ही मॅनिफोल्ड वेगळे करून मधली उघडी जागा पत्र्याने बंद करावी. हे करताना एक बारीक गोष्ट पाळावी. या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापल्यावर लांबीत वाढतो आणि त्याला सरकायला जागा मिळावी म्हणून त्याच्या नटांना कारखान्याने फक्त १० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १४ न्यूटन-मीटर, एवढाच ताण सांगितला आहे. गळती थांबवण्यासाठी नट जोराने आवळले की मॅनिफोल्ड तडकतो. टर्बोचे वजन त्याच्यावर लटकणार असेल तर ब्लॉकपासून स्वतंत्र आधार द्यावा आणि तो आधारही लांबीच्या दिशेने सरकणारा असावा.

आपल्याला मिळालेला डिझेलचा टर्बो घेऊ नये असे मी सुचवतो, आणि त्यामागचा हिशेब येथे मांडतो. ४,२०० फेऱ्यांवर इंजिन मिनिटाला जेमतेम ७.७ घनमीटर जागा रिकामी करते. या इंजिनाचे श्वसन पाहता त्यातली ७० टक्के जागा भरते असे धरले तर टर्बोविना मिनिटाला सुमारे ६.४ किलो हवा आत जाते. अर्धा बार दाब दिला, म्हणजे वातावरणाच्या दीडपट, तर हवा दीडपट जाईल असे वाटते, पण दाबताना हवा तापते. २७ अंशांची हवा ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून बाहेर पडते तेव्हा ती सुमारे ८० अंशांची झालेली असते. इंटरकूलरने ती ४५ अंशांवर आणली आणि नळ्यांतील थोडी घट वजा केली तर प्रत्यक्ष वाढ ३८ टक्क्यांच्या आसपास उरते, म्हणजे मिनिटाला पावणेनऊ किलो हवा. मोठ्या डिझेल पिकअपचा टर्बो याच्या दुपटीहून अधिक हवेसाठी घडवलेला असतो. आपल्या इंजिनावर तो ३,००० फेऱ्या होईपर्यंत जागा होणार नाही, आणि चढावर तर आपल्याला २,००० वर मदत हवी आहे. दोन ते अडीच लिटरच्या पेट्रोल गाडीवरचा, अंतर्गत वेस्टगेट असलेला मध्यम टर्बो यासाठी योग्य आहे. टर्बो निवडताना कंपनीचा कॉम्प्रेसर नकाशा पाहून पावणेनऊ किलो आणि दीड या दाब-गुणोत्तराचा बिंदू त्याच्या मधल्या, कार्यक्षम वर्तुळात पडतो का हे तपासावे.

याच हिशेबातून इंजेक्टरही ठरतात. दाबाखाली हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण ११.८ ला १ ठेवले तर मिनिटाला सुमारे ०.७४ किलो पेट्रोल लागते. सहा इंजेक्टरांत वाटून आणि ते ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडे राहू नयेत असे धरून प्रत्येकी मिनिटाला २१० घन सेंटिमीटर क्षमता पुरते. थोडी राखीव जागा ठेवून ३०० च्या आसपासचे घ्यावेत. याहून बरेच मोठे घेतले तर मंद चालीत, थांबलेल्या गाडीत, इंजिन थरथरते. या सर्वांतून फ्लायव्हीलवर १८० ते १९० अश्वशक्तीची अपेक्षा ठेवता येईल. मूळ इंजिनाची १४५ ही छापील अश्वशक्ती जुन्या ढोबळ पद्धतीने, पंखा आणि सायलेन्सर काढून मोजलेली होती. सत्तरच्या दशकात निव्वळ पद्धतीने मोजल्यावर हेच इंजिन ११० च्या आसपास भरले. त्यामुळे प्रत्यक्षातील वाढ छापील आकड्यांवरून वाटते त्याहून बरीच मोठी असेल.

ठिणगीविषयी थोडक्यात सांगतो. पॉइंटवाला मूळ डिस्ट्रिब्युटर दाबाप्रमाणे ठिणगी मागे घेऊ शकत नाही, म्हणून टायमिंगही इंजेक्शनच्याच संगणकाकडे द्यावे. दाबाखाली प्रत्येक ०.०७ बारला सुमारे एक अंश माघार हा सुरुवातीचा नियम ठेवून, अर्धा बारवर एकूण २० ते २२ अंशांपासून सुरुवात करावी आणि डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), नॉक सेन्सरचे कान लावून, एकेक अंश पुढे जावे. प्लग मूळच्यापेक्षा एक श्रेणी थंड आणि फट ०.७ मिलिमीटर. पेट्रोल नेहमी तेथील प्रीमिअमच भरावे.

टर्बोच्या तेलाची सोय करताना या इंजिनाचा तिरपेपणा पुन्हा आडवा येतो. ऑइल पंप, फिल्टर आणि दाबाचे छिद्र उजव्या बाजूला आहेत, मॅनिफोल्ड आणि टर्बो डाव्या, म्हणून पुरवठ्याची नळी इंजिनाला वळसा घालून न्यावी लागते. ती जाळीचे आवरण असलेली आणि एक्झॉस्टपासून दूर असावी. परतीची नळी किमान १५ मिलिमीटर आतल्या व्यासाची, कोठेही वर न चढणारी, आणि संपमधील (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतील) तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. डाव्या हाताच्या स्टिअरिंगमुळे स्टिअरिंग कॉलम, ब्रेकचा मास्टर सिलेंडर आणि स्टार्टर हे सारे त्याच बाजूला दाटीने बसलेले आहेत, तेव्हा टर्बोभोवती उष्णतारोधक आवरण आणि ब्रेकच्या नळ्यांसमोर पत्र्याचा आडोसा घालणे अनिवार्य समजावे.

शेवटी गाडीच्या बाकीच्या भागाकडे वळू. टॉर्कफ्लाइट ९०४ गिअरबॉक्स हा दाब सोसेल, मात्र त्याच्या तेलाला वेगळा कूलर द्यावा. सहा सिलेंडरच्या डार्टमध्ये बहुधा सव्वासात इंची डिफरन्शिअल असते आणि ते दुबळे आहे. आज नाही तर दोन वर्षांनी ते आवाज करू लागेल, म्हणून सवड मिळताच सव्वाआठ किंवा पावणेनऊ इंची एक्सल शोधून ठेवावा. ब्रेक मात्र सवडीवर सोडू नयेत. पुढची ९ इंची ड्रम ब्रेक घेऊन ही गाडी वेगात चालवणे मला मान्य नाही. १९७३ नंतरच्या त्याच वर्गाच्या गाड्यांची डिस्क ब्रेक पुढे बसतात. त्यांच्या चाकांच्या बोल्टचे वर्तुळ ११४.३ मिलिमीटरचे आहे आणि आपल्या चाकांचे १०१.६, त्यामुळे चाकेही बदलावी लागतील. हा खर्च टर्बोच्या खर्चाआधी करावा. पहिले हजार किलोमीटर ०.३ बारवर चालवून प्लगांचे रंग, पाण्याचे तापमान आणि तेलाचा दाब पाहावेत, आणि सारे ठीक असेल तरच ०.५ वर जावे. ०.७ च्या पुढे जायचे झाल्यास घडीव पिस्टन घालूनच जावे.

प्रश्न : माझ्या आजोबांनी घेतलेली, मुंबईत जुळवलेली पन्नासच्या दशकातील डॉज आमच्या वाड्यात उभी आहे. तिचेही इंजिन सहा सिलेंडरचेच आहे. आपल्या सदरातील जुन्या इंजिनांवरचे लेखन वाचून तिलाही टर्बो लावावा असे मुलाला वाटते. हे शक्य आहे का, आणि कायद्याने चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जात होत्या, आपली डॉज त्यांपैकीच असावी. तिच्यातील सुमारे साडेतीन लिटरचे इंजिन मात्र वरच्या उत्तरातील इंजिनापेक्षा मुळातून वेगळे आहे. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, सिलेंडरांच्या बाजूला आहेत. हवा वाकडी वाट घेऊन आत शिरते आणि तापलेला एक्झॉस्ट ब्लॉकच्या पोटातून बाहेर पडतो. टर्बोने एक्झॉस्टमध्ये अडथळा आणला की ही सारी उष्णता सिलेंडरच्या भिंतीत आणि व्हॉल्व्हच्या बैठकीत साचते. काम अशक्य नाही, पण मिळणाऱ्या ताकदीच्या मानाने इंजिनाची झीज फार होईल.

कायद्याची बाजू अधिक स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांत बदल करणारा फेरफार मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अर्थाचा निर्णय दिला. याउलट २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीमुळे ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना विंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. टर्बो लावला तर हा हक्क हातचा जाईल. आपल्या मुलाचा उत्साह मोलाचा आहे, आणि तो याच गाडीत सार्थकी लावता येईल. सर्व सिलेंडरांचे कॉम्प्रेशन तपासणे, व्हॉल्व्ह ग्राइंड करून बैठका नीट करणे, कार्ब्युरेटर उघडून साफ करणे, वर्षानुवर्षांच्या गंजाने भरलेली पाण्याची वाट मोकळी करणे आणि ब्रेकचे सिलेंडर नवे रबर घालून बांधणे, ही कामे त्याने चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली या हिवाळ्यात पूर्ण करावीत. चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि जुने नोंदणीपुस्तक यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. विंटेज नोंदणीचा अर्ज परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून करता येतो, आणि इंजिन क्रमांक पुसट झाला असेल तर अर्जापूर्वीच परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी करून घ्यावी.